वैनगंगेपलीकडचा सल्ला

आष्टीजवळचा वैनगंगेवरचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्ह्यातला चामोर्शी तालुका मागे पडतो आणि चंद्रपूर जिल्हा लागतो. गोंडपिपरीवरून तसेच पुढे गेले की बल्लारपूर. कागद कारखाना आणि कोळशाच्या खाणींमुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या या शहरात सीरो-मलबार कॅथलिक ख्रिस्तसभेच्या चांदा धर्मप्रांताचे बिशप राहतात. चंद्रपूर, गडचिरोली आणि वर्धा हे तीन जिल्हे त्यांच्या कक्षेत येतात. पावसाळ्यात वैनगंगा फुगली की आष्टीची वाट बंद होते आणि माणसे दोन्ही काठांना अडकतात. पूर ओसरल्यावरही एक प्रश्न मात्र उरतो. चामोर्शीकडच्या भाविकांचे म्हणणे नदीपलीकडच्या बिशपांपर्यंत कसे पोचायचे, आणि पोचल्यावर त्याचे पुढे काय व्हायचे?

हा प्रश्न मूठभर लोकांचा वाटेल. २०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १० लाख ७२ हजारांच्या घरात होती आणि त्यात ख्रिस्ती माणसे एक टक्काही नव्हती. पण बिशप जे ठरवतात ते या एक टक्क्यापाशी थांबत नाही. शाळा कुठे काढायची, दवाखाना चालू ठेवायचा की बंद करायचा, वसतिगृहात कोणत्या गावांतल्या मुलींना जागा द्यायची, गावात लोहखनिजाचा प्रकल्प आला तर ख्रिस्तसभेने कुणाच्या बाजूने बोलायचे, हे सगळे निर्णय पाळकीय जीवनातच मोडतात आणि त्यांचे परिणाम शेजारच्या गोंड, माडिया, बंगाली, तेली, कुणबी घरांपर्यंत जातात. शिवाय माणसांना विचारावे कसे, याचे प्रयोग गेल्या चाळीस वर्षांत याच जिल्ह्यात जितक्या कसोशीने झाले तितके महाराष्ट्रात क्वचितच कुठे झाले असतील. ख्रिस्तसभेने ते जवळून पाहावेत, एवढ्यासाठी हा विषय मांडायचा.

आधी थोडा इतिहास. १९६२ साली चांदा भागातले मिशन केरळातल्या सीएमआय संघाच्या धर्मगुरूंकडे सोपवले गेले. १९७७ मध्ये चांदा हा पूर्ण धर्मप्रांत झाला आणि जानुआरिउस पालाथुरुथी त्याचे पहिले बिशप झाले. १९९० मध्ये विजय आनंद नेडुम्पुरम आले, २०१४ मध्ये एफ्रेम नरिकुलम. मधल्या काळात, १९८२ मध्ये, जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला, आणि १९९९ मध्ये तेलुगू मुलखातला आदिलाबादचा भाग स्वतंत्र धर्मप्रांत बनला. तिन्ही बिशपांची मुळे केरळातली. घरदार सोडून, मराठी शिकून, मलेरियाच्या पट्ट्यात आयुष्य घालवणाऱ्या मिशनरी पिढ्यांचे ऋण मान्य केल्याशिवाय या विषयावर बोलणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण त्याच इतिहासातून एक अडचणही जन्माला आली. ज्यांनी सगळे उभे केले त्यांना सल्ला देण्याची सवय ज्यांच्यासाठी उभे केले त्यांना लागत नाही. ज्याने पदरचे दिले त्याला माणसे सहसा मान देतात, आणि ज्याला मान द्यायचा त्याच्यापुढे मत मांडायला कचरतात.

कायदा काय सांगतो? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी बिशपांच्या पाळकीय कार्याविषयीचा दस्तऐवज संमत केला. प्रत्येक धर्मप्रांतात धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक भाविक यांची मिळून एक पाळकीय परिषद असावी, तिचे अध्यक्ष बिशप असावेत, अशी मनापासूनची इच्छा त्यात व्यक्त झाली. पाळकीय कामाची पाहणी करावी, त्याचा विचार करावा आणि व्यवहारात उतरतील असे निष्कर्ष सुचवावेत, हे या परिषदेचे काम. पौर्वात्य कॅथलिक ख्रिस्तसभांचा कायदा १९९० मध्ये आला. सीरो-मलबार ख्रिस्तसभा पौर्वात्य असल्याने चांदा धर्मप्रांताला तोच लागू होतो. त्यातही ही परिषद आहे, पण पाळकीय परिस्थितीला गरज भासेल तिथेच. धर्मगुरूंची परिषद आणि अर्थ-परिषद मात्र सक्तीच्या. पाळकीय परिषदेला फक्त सल्ल्याचा अधिकार. ती बोलवायची बिशपांनीच, तिच्यात झालेले जाहीर करायचे तेही त्यांनीच, आणि बिशपांची जागा रिकामी झाली की परिषदही संपते. म्हणजे ज्या काळात धर्मप्रांताला जुन्या गोष्टी आठवणाऱ्या माणसांची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच काळात ती आठवण घरी पाठवली जाते.

हाच कायदा दुसरीकडे वेगळे बोलतो. ठरावीक रकमेपेक्षा जास्त किमतीची जमीन किंवा इमारत विकायची असेल तर बिशपांना अर्थ-परिषदेची आणि सल्लागार धर्मगुरूंच्या मंडळाची संमती घ्यावीच लागते. संमती नसेल तर व्यवहार बेकायदा. थोडक्यात, बिशपांच्या अधिकाराला मर्यादा घालता येते हे कायद्याला मान्य आहे, आणि मर्यादा घातल्याने बिशपपद लहान होत नाही हेही मान्य आहे. चामोर्शी तालुक्यातला एखादा भूखंड विकण्याआधी चार जणांचा होकार लागतो. त्याच भूखंडावरची शाळा बंद करण्याआधी तिथल्या आयांना विचारलेच पाहिजे असे मात्र कुठे लिहिलेले नाही. ही उलटी रचना आहे. जमीन परत घेता येते, पण शाळा सुटलेली मुलगी दहा वर्षांनी परत वर्गात बसत नाही.

यावरचा नेहमीचा आक्षेप असा की ख्रिस्तसभा म्हणजे ग्रामपंचायत नव्हे, इथे श्रद्धा मतदानाने ठरत नाही. आक्षेप गंभीर आहे आणि तो बाजूला सारता येत नाही. पण पाळकीय परिषदेपुढचे बहुतेक प्रश्न श्रद्धेच्या सिद्धान्ताचे नसतातच. कुर्बाना (मिस्सा) किती वाजता, कोणत्या भाषेत, लग्नाआधीची शिकवण शहरात की गावात, दारू पिणाऱ्या नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईला आसरा कुठे, या गोष्टी सिद्धान्ताने सुटत नाहीत, माहितीने सुटतात. आणि ती माहिती बल्लारपूरच्या कार्यालयात नसते.

बायबलमधली एक गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत कुरकुर सुरू होते : रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावलले जात आहे. प्रेषित स्वतः यहुदिया-गालिलीकडचे, वेगळी भाषा बोलणारे. त्यांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केले नाही, चौकशी समिती नेमली नाही, आणि आपण प्रभूने निवडलेले आहोत असेही ऐकवले नाही. त्यांनी सगळ्या मंडळीला एकत्र बोलावले आणि सात माणसे तुम्हीच निवडा असे सांगितले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांच्याच माणसांच्या हाती वाटपाची जबाबदारी गेली आणि प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवून तिला अधिकृत केले. प्रेषितांचा अधिकार यात कमी झाला असे कुणी म्हणत नाही. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियान यांनी आपल्या धर्मगुरूंना लिहिलेल्या पत्रात बिशपपदाच्या सुरुवातीपासून पाळलेला नेम नोंदवून ठेवला आहे : तुमच्या सल्ल्याविना आणि लोकांच्या संमतीविना स्वतःच्या मताने काही करायचे नाही. हा माणूस बिशपांच्या अधिकाराचा प्राचीन काळातला सर्वांत कडवा पुरस्कर्ता होता.

केरळातून जी परंपरा वैनगंगेच्या काठी आली तिच्यातही हे बीज आहे. संत थॉमसचा वारसा सांगणाऱ्या ख्रिस्ती लोकांत पळ्ळियोगम नावाची गावसभा शतकानुशतके चालत होती. गावातले धर्मगुरू आणि कुटुंबांचे प्रमुख एकत्र बसून चर्चची मालमत्ता सांभाळत, धर्मगुरू होऊ पाहणाऱ्या तरुणाला पाठिंबा द्यायचा की नाही ते ठरवत, भांडणे मिटवत. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांना हा प्रकार अनोळखी होता. १५९९ च्या जूनमध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी उदयम्पेरूर इथे सिनड, म्हणजे धर्मसभा, भरवला. दीडशेवर धर्मगुरू आणि साडेसहाशेवर प्रापंचिक प्रतिनिधी तिथे हजर होते. आजच्या कुठल्याही धर्मप्रांताला हेवा वाटावा असा प्रापंचिकांचा सहभाग! पण ठराव आधीच पोर्तुगीजमध्ये लिहून तयार होते. ते मल्याळममध्ये वाचून दाखवले गेले आणि जमलेल्यांनी त्यावर सह्या केल्या. ज्या पोथ्यांवर पिढ्यान्‌पिढ्यांची उपासना उभी होती त्या दुरुस्त करण्याचे, काही तर जाळून टाकण्याचे हुकूम त्यातूनच निघाले. चौपन्न वर्षांनी, जानेवारी १६५३ मध्ये, मट्टांचेरीच्या क्रुसापाशी जमलेल्या लोकांनी आपल्यावर आलेल्या जेझुइट धर्मगुरूंची सत्ता मानणार नाही अशी शपथ घेतली. केरळची ख्रिस्ती मंडळी तेव्हा फुटली ती आजतागायत एक झालेली नाही.

उदयम्पेरूरच्या सिनडमधून शिकण्यासारखे हेच आहे. सभेला किती माणसे आली, प्रापंचिक किती आणि धर्मगुरू किती, या आकड्यांवरून सल्ला घेतला गेला की नाही ते कळत नाही. ते कळण्याची खूण एकच : सभेत काय ठरणार हे सभा भरण्याआधी कुणाला ठाऊक होते का? ठाऊक असेल तर तो सल्ला नव्हता.

पण पळ्ळियोगमची आरती ओवाळतानाही सावध राहायला हवे. कुटुंबप्रमुख म्हणजे पुरुष, आणि बोलणारे कुटुंबप्रमुख म्हणजे बहुतेकदा जमीनदार घराण्यांतले. सभेला अधिकार दिला की तो गावातल्या बळकटांच्या हाती जातो, ही भीती भारतात तरी खोटी म्हणता येत नाही. तमिळनाडूत दलित ख्रिस्ती माणसांसाठी वेगळी दफनभूमी राखणारे हात बिशपांचे नव्हते, गावातल्याच सहधर्मीयांचे होते. अशा ठिकाणी बिशपांनी बहुमताच्या विरोधात उभे राहावे असेच कुणालाही वाटेल. केरळातले अलीकडचे उदाहरण आणखी गुंतागुंतीचे आहे. कुर्बाना अर्पण करताना धर्मगुरूने कोणत्या दिशेला तोंड करायचे, यावर सीरो-मलबार बिशपांच्या सिनडने २०२१ मध्ये एकसारखी पद्धत ठरवली. एर्नाकुलम-अंगमाली महाधर्मप्रांतातल्या बहुसंख्य धर्मगुरूंनी आणि भाविकांनी ती नाकारली. २०२२ च्या अखेरीस तिथले कॅथेड्रल कुलूपबंद झाले आणि २०२५ च्या जुलैमध्ये तडजोड निघेपर्यंत जवळजवळ चार वर्षे घराघरांत कडवटपणा राहिला. एका बाजूला सगळ्या ख्रिस्तसभेची एकजूट, दुसऱ्या बाजूला एका महाधर्मप्रांताची अर्धशतकाची सवय. इथे फक्त लोकांचे ऐका म्हणून भागत नाही, कारण कोणत्या लोकांचे, हा प्रश्न उरतो. पण एवढे खरे की ज्यांच्या रोजच्या उपासनेला हात लागणार होता त्यांचे म्हणणे निर्णयाच्या आधी जितके ऐकले गेले त्यापेक्षा कितीतरी जास्त नंतर ऐकावे लागले, आणि तेही रस्त्यावर.

मग बहुमताची दांडगाई टाळून सल्ला घ्यायचा कसा? उत्तर शोधायला रोमला जाण्याची गरज नाही. चामोर्शीहून गडचिरोली, तिथून पुढे धानोऱ्याच्या वाटेवर मेंढा नावाचे गोंड गाव लागते. लेखा-मेंढा म्हणून ते देशभर माहीत आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने या गावाने १९८० च्या दशकापासून एक पद्धत घडवली. ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एका माणसाचा विरोध असला तरी विषय पुढच्या सभेवर जातो. बायका आणि पुरुष दोघेही बसतात. आणि सर्वांत महत्त्वाचे, निर्णय घेणारी सभा वेगळी आणि अभ्यास करणारा गट वेगळा. जंगलाचा कायदा काय आहे, बांबूचा हिशेब कसा असतो, यावर अभ्यासगटात मोकळी चर्चा होते. तिथे बाहेरची जाणकार माणसे येऊ शकतात, पण ठरवायचे ते ग्रामसभेने. या शिस्तीच्या बळावर २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावाला मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश ते परवाना-पुस्तक द्यायला स्वतः मेंढ्यात आले होते.

धर्मप्रांताला हे जसेच्या तसे उचलता येणार नाही. अंतिम निर्णय बिशपांचा, हे कॅथलिक रचनेत बदलणार नाही. पण अभ्यासगट आणि सभा यांतला फरक सहज उचलता येतो. पाळकीय परिषदा निष्फळ ठरतात त्याचे मोठे कारण असे की प्रापंचिक सभासदांना विषय सभेच्या दिवशी कळतो, धर्मगुरूंना तो महिनाभर आधीपासून ठाऊक असतो. एकाकडे कागद असतात, दुसऱ्याकडे अनुभव असतो, आणि दोन तासांत कागद जिंकतात. धर्मप्रांताच्या पैशाचा हिशेब, शाळांची पटसंख्या, येत्या वर्षीच्या योजना या गोष्टी साध्या मराठीत दोन महिने आधी गावात गेल्या तर चर्चेचा सूर बदलेल.

दुसरे उदाहरण चातगावजवळच्या शोधग्रामचे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत काम सुरू केले तेव्हा आदिवासींना विचारले की दवाखाना कसा हवा. मोठ्या इमारतींची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहता येत नाही, आपला देव तिथे नसतो, असे काहीसे उत्तर आले. म्हणून तो दवाखाना गावासारखा, झोपड्यांच्या रचनेचा झाला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. पुढे आरोग्य संसद भरवून लोकांनाच विचारले गेले की तुमचे मोठे दुखणे कोणते. मलेरियाबरोबर कंबर-पाठीचे दुखणे पुढे आले, जे कुणा तज्ज्ञाच्या यादीत वर आले नसते. इथे डॉक्टरांनी डॉक्टरी सोडली नाही. औषध कोणते द्यायचे हे मतदानाला टाकले नाही. कशासाठी आणि कुणासाठी काम करायचे याची यादी मात्र लोकांकडून घेतली. बिशप आणि पाळकीय परिषद यांच्यातले नाते नेमके असे असू शकते, आणि त्यासाठी कायद्याचे एकही कलम आडवे येत नाही.

न विचारण्याचे उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागड खाणीची क्षमता वाढवण्यासाठीची जनसुनावणी २०२२ मध्ये झाली ती एटापल्लीत नव्हे, जिल्ह्याच्या ठिकाणी गडचिरोलीत. ज्यांच्या डोंगरातून खनिज निघते आणि कोनसरीच्या कारखान्याकडे, म्हणजे चामोर्शी तालुक्यातच, येते त्यांनी आपले म्हणणे मांडायला शंभर-सव्वाशे किलोमीटर यायचे. कायद्याच्या भाषेत सुनावणी झाली. धर्मप्रांताची प्रत्येक सभा बल्लारपूरलाच भरत राहिली तर सिरोंचा-भामरागडकडच्या भाविकाला तिच्यात आणि त्या सुनावणीत फारसा फरक दिसणार नाही.

ग्रामसभेलाही मर्यादा आहेत. शेजारच्या बस्तरमध्ये ख्रिस्ती झालेल्या आदिवासी कुटुंबांना गावात मयत पुरू न देण्याचे प्रकार वाढले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये असे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले. दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही, आणि शेवटी वडिलांचा देह वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत नेण्याचा आदेश मुलाला मिळाला. एकमताने चालणारे गावही एखाद्या घराला बाहेर ठेवू शकते. पण यातूनच प्रापंचिकांच्या सल्ल्याची गरज अधिक ठसठशीत होते. गावात कुणाशी बोलावे, कोणत्या सणाला हजर राहावे, बिदागी-वर्गणीचे काय करावे, कोणत्या चालीरीतींना श्रद्धेने विरोध करावा आणि कोणत्या निव्वळ आपल्या माणसांच्या म्हणून जपाव्यात, हे त्या गावात घर असलेल्या बाई-माणसालाच कळते. तीन-पाच वर्षांनी बदलून जाणाऱ्या फादरांना त्याचा अंदाज येईपर्यंत त्यांची पुढची नेमणूक झालेली असते.

तेव्हा परिषदेत बसायचे कुणी? मिशनच्या प्रदेशात सर्वांत बोलके प्रापंचिक हे मिशनच्याच शाळेतले शिक्षक, वसतिगृहाचे कर्मचारी, धर्मशिक्षक असतात. चांगली, निष्ठावान माणसे. पण ज्यांच्या सहीने पगार निघतो त्यांना परखड सल्ला देणे कुणालाही जड जाते. हे दुखणे महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांसाठी. मिशनशी त्यांचे वैर नव्हते. मराठी माणसाचे ख्रिस्तप्रेम कुणाच्या नोकरीत राहू नये एवढेच त्यांना हवे होते. १९१९ मध्ये ते गेले आणि प्रयोग अर्ध्यात राहिला. पाळकीय परिषदेत निम्म्याहून जास्त प्रापंचिक असे असावेत की ज्यांचे पोट ख्रिस्तसभेच्या संस्थेवर अवलंबून नाही : धान पिकवणारा शेतकरी, खाणकामगार, तेंदू तोडणारी बाई, आशा कार्यकर्ती, सरकारी शाळेतला मास्तर. ही एक अट पाळली तरी परिषदेचा आवाज वेगळा होईल.

वसईशी तुलना केली तर चामोर्शीचे अवघडपण कळते. वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये झाला, पण तिथली कॅथलिक परंपरा सोळाव्या शतकापासूनची. माणसे शिकलेली, वाडीवाल्यांच्या हाती जमीन, बोलायला मराठी आणि सामवेदी. ‘सुवार्ता’ मासिक होते, आणि १९८३ ते २००७ या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे संपादक होते. त्या मासिकाच्या पानांवर प्रापंचिक लिहीत, वाद घालत. हरित वसईच्या चळवळीत धर्मगुरू आणि बागायतदार एकत्र रस्त्यावर उतरले. जिथे माणसांकडे स्वतःचे व्यासपीठ असते तिथे बिशपांना सल्ला मागावाही लागत नाही, तो येऊन धडकतो. चामोर्शीत मराठी ही अनेक घरांची दुसरी भाषा. कुणाच्या घरी गोंडी, कुणाच्या तेलुगू, आणि १९६० नंतर वसवलेल्या बंगाली निर्वासितांच्या गावांत बांगला. इथे सल्ला आपोआप येणार नाही. तो गावोगाव जाऊन, ज्या त्या भाषेत, बायकांच्या वेगळ्या बैठका घेऊन गोळा करावा लागेल. धर्मभगिनी हे काम सर्वांत चांगले करू शकतात, कारण घरात चुलीपाशी बसण्याचा मान त्यांना मिळतो. त्यांना परिषदेत केवळ चहापाण्याच्या व्यवस्थेपुरते ठेवू नये.

आणि मग उत्तर. पौर्वात्य कायद्यातच असे म्हटले आहे की बिशप सल्ल्याने बांधलेले नसले तरी, विशेषतः तो एकमुखी असेल तर, जास्त वजनदार कारण असल्याशिवाय त्यांनी त्यापासून दूर जाऊ नये. हे कारण सांगण्याची सक्ती नाही, पण सांगायला मनाईही नाही. धर्मप्रांताच्या नियमावलीत बिशप स्वतः एवढे एक वाक्य घालू शकतात की परिषदेच्या प्रत्येक शिफारशीला तीन महिन्यांत लेखी उत्तर मिळेल : मान्य, अंशतः मान्य, किंवा अमान्य आणि का. त्यासाठी रोमची परवानगी लागत नाही. ते उत्तर रविवारी चर्चमध्ये मराठीतून वाचून दाखवता येईल. अमान्य या उत्तराने माणसे दुखावतात, पण उत्तरच आले नाही तर ती पुढच्या वेळी येत नाहीत, आणि चर्चच्या सभा ओस पडण्याची कारणे शोधायला मग दुसरीकडे जावे लागत नाही.

रोममध्येही वारे या दिशेला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये संपलेल्या सिनडचा अंतिम दस्तऐवज पोप फ्रान्सिस यांनी जसाच्या तसा स्वीकारला. त्या सिनडमध्ये पहिल्यांदाच स्त्रियांना आणि प्रापंचिकांना मताधिकार होता. पाळकीय परिषदा सक्तीच्या कराव्यात, बिशपांचा निर्णयाधिकार अबाधित असला तरी नीट झालेल्या सल्लामसलतीतून पुढे आलेली दिशा त्यांनी दुर्लक्षू नये, आणि ‘केवळ सल्ल्याचे मत’ ही कायद्यातली शब्दयोजना पुन्हा तपासावी, असे त्यात म्हटले आहे. कायदा बदलायला वर्षे जातील. पण वेळापत्रक ठरलेले आहे : २०२७ च्या पहिल्या सहामाहीत प्रत्येक धर्मप्रांताने मूल्यमापनाची सभा घ्यायची, आणि ऑक्टोबर २०२८ मध्ये व्हॅटिकनमध्ये जगभरच्या ख्रिस्तसभेची सभा भरायची.

गडचिरोलीचे वर्ष पाहिले तर मार्चपासून मोहफूल वेचणे सुरू होते, मे महिना तेंदूचा, आणि जूनपासून धानाची लगबग. २०२७ च्या पहिल्या सहामाहीत गावे मोकळी असतात ती फक्त जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा नदीही उतरलेली असते आणि आष्टीचा पूल खुला असतो. सभेची तारीख या हंगामात पडावी, निदान एक दिवस ती वैनगंगेच्या चामोर्शीकडच्या काठाला भरावी, येणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि एसटीचे भाडे धर्मप्रांताने द्यावे, आणि विषयांचे कागद दिवाळीपर्यंत गावात पोचावेत. यासाठी लागणारी तयारी आदल्या पावसाळ्यातच सुरू करावी लागेल.